फ्रिजमधली सलाईनची बाटली: घरी शिरेतून औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तसंसर्गाचं एक प्रकरण

हे प्रकरण घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या गटांसाठी आणि घरातल्या माणसाला स्वतः इंजेक्शन देणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिलं आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत. प्रकरण मिटल्यावर झालेल्या आढाव्यात मी होते, आणि त्या वेळी रुग्ण, त्यांची पत्नी, मुलगा, सूनबाई आणि रोज घरी जाणाऱ्या सिस्टर या सगळ्यांशी माझं सविस्तर बोलणं झालं.

पार्श्वभूमी

रुग्ण ६१ वर्षांचे गृहस्थ. जुना मधुमेह, इन्सुलिन चालू. कंबरदुखी आणि ताप घेऊन रुग्णालयात दाखल झाले. एमआरआयमध्ये मणक्याच्या दोन हाडांत संसर्ग दिसला आणि रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू वाढला. नेहमीच्या औषधांना दाद देणारा होता, तेवढं एक बरं होतं. उपचार ठरले सहा आठवडे सेफाझोलिन हे प्रतिजैविक, शिरेतून, दर आठ तासांनी.

पहिले दोन आठवडे रुग्णालयात गेले. ताप उतरला, रक्त जिवाणूमुक्त झालं, काठीच्या आधाराने चालणं सुरू झालं. उरलेल्या चार आठवड्यांसाठी माणसाला फक्त इंजेक्शनपायी रुग्णालयात ठेवण्यात अर्थ नव्हता. दंडाच्या शिरेतून पिक लाईन आधीच घातलेली होती. ही एक बारीक मऊ नळी असते. तिचं आतलं टोक हृदयाच्या अगदी जवळच्या मोठ्या शिरेत असतं आणि बाहेरचं टोक दंडावर, झाकण लावलेलं. वारंवार सुई टोचावी लागत नाही हा तिचा फायदा. बाहेरून आत जे जाईल ते थेट हृदयाजवळ पोचतं, हा तिचा धोका.

घरी जाण्याचा निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. घर रुग्णालयापेक्षा अस्वच्छ असतं हा समज खोटा आहे. औषधांना न जुमानणारे जिवाणू घरात कमी असतात, रुग्णाला हात लावणारी माणसं थोडी असतात, आणि शेजारच्या खाटेवर दुसरा आजारी माणूस नसतो. घरी धोका असतो, पण त्याची जागा वेगळी असते, आणि इथे तो शिरला तो नेमका कुणाचंच लक्ष नव्हतं अशा ठिकाणी.

घरची व्यवस्था अशी ठरली. सकाळी सातचा डोस सिस्टर येऊन देणार. दुपारी तीनचा आणि रात्री अकराचा डोस घरचे देणार. प्रत्येक डोसच्या आधी आणि नंतर १० मिलिलिटर सलाईनने नळी धुवायची, म्हणजे फ्लश करायची. पारदर्शक ड्रेसिंग दर सात दिवसांनी बदलायचं, आणि ओलं झालं किंवा कड सुटली तर लगेच. रुग्णालयातून निघण्याआधी मोठ्या मुलाला दोनदा प्रात्यक्षिक दाखवलं. त्याने ते नीट करून दाखवलं आणि कागदावर सही केली.

घरी काय चाललं होतं

चौथ्या दिवसापासून मुलाला कामावर रुजू व्हावं लागलं. दुपारचा डोस साहजिकच सूनबाईंकडे आला आणि आठवडाभरात रात्रीचाही. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याचं बघून त्या शिकल्या होत्या, आणि फार काटेकोरपणे करत होत्या. साबणाने हात धुताना मनात साठ आकडे मोजायच्या. नळीचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासून, वाळू देऊनच सिरिंज जोडायच्या. आढाव्यात त्यांनी आम्हाला करून दाखवलं, तेव्हा प्रशिक्षित माणसाकडूनही क्वचित होतं इतकं ते अचूक होतं.

बाकी घरानेही जिवाचं रान केलं होतं. फरशी दिवसातून दोनदा जंतुनाशकाने पुसली जायची, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवलं जायचं, रुग्णाचे कपडे वेगळे धुतले जायचे. यातल्या कशानेही नुकसान झालं नाही. पण पिक लाईन असलेल्या माणसाला फरशीवरून रक्तसंसर्ग होत नाही. तो होतो नळीच्या तोंडातून, नळी त्वचेत शिरते त्या जागेतून, आणि नळीतून आत जाणाऱ्या द्रवातून. कुटुंबाला रुग्णालयातून निघताना ‘स्वच्छता ठेवा’ असं सांगितलं होतं. कुठली स्वच्छता प्राणाशी निगडित आहे आणि कुठली नुसती मनाच्या समाधानाची, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता सलाईनचा हिशेब. रुग्णालयाने दोन आठवड्यांसाठी १० मिलिलिटरच्या ४२ ॲम्प्युल, म्हणजे एकदाच वापरायच्या छोट्या सीलबंद कुप्या, दिल्या. दिवसाला तीन डोस, चौदा दिवस, म्हणजे ४२. पण प्रत्येक डोसला फ्लश दोन लागतात. खरी गरज ८४ ची होती. सिस्टर सकाळच्या डोससाठी स्वतःच्या बॅगेतल्या ॲम्प्युल वापरायच्या, म्हणून घरचा साठा दिवसाला चारने कमी होत गेला आणि अकराव्या दिवशी संपला. औषधाच्या कुपीसोबत ते विरघळवायचं निर्जंतुक पाणी यायचं, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. अडचण फक्त फ्लशची होती.

मुलगा ॲम्प्युल आणायला गेला. त्या वेळी त्या शिल्लक नव्हत्या. ‘सलाईन तेच असतं, मोठी बाटली न्या’ असं त्याला सांगण्यात आलं आणि तो ५०० मिलिलिटरची बाटली घेऊन आला. लेबल वाचून पाहिलं तर खरंच तेच होतं: ०.९ टक्के सोडियम क्लोराईड. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बाटलीच्या रबरी बुचात एक सुई टोचून ठेवली, दर वेळी तिला सिरिंज लावून दहा मिलिलिटर ओढायचे, सुईच्या तोंडावर स्पिरिटचा कापूस ठेवायचा आणि बाटली फ्रिजच्या दारात परत ठेवायची. थंडीत खराब होणार नाही, म्हणून फ्रिज.

अडचण उभी राहिली

चौदाव्या रात्री अकराच्या डोसनंतर अर्ध्या-पाऊण तासाने रुग्णाला हुडहुडी भरली. दात वाजत होते, दोन पांघरुणं घालूनही थंडी जाईना. मग ताप १०१ पर्यंत चढला आणि पहाटे घाम येऊन उतरला. सकाळी सिस्टर आल्या तेव्हा अंग गार होतं. रुग्णाच्या पत्नी म्हणाल्या, “रात्री जरा कणकण होती यांना.” सिस्टरनी दंड पाहिला. ड्रेसिंग कोरडं, लाली नाही, सूज नाही, पू नाही. तरीही जाताना त्यांनी सूनबाईंना सांगितलं, “ताई, एक वही करा. डोस किती वाजता दिला, थंडी किती वाजता वाजली, ताप किती, एवढंच लिहा.”

त्याच सकाळी मुलाने रुग्णालयाच्या मदत क्रमांकावर फोन केला. “वडिलांना रात्री ताप आला, अँटिबायोटिक चालूच आहे,” असं तो म्हणाला. उत्तर मिळालं: पॅरासिटामॉल द्या, पाणी भरपूर द्या, ठरलेल्या तारखेला दाखवायला या. नळी असल्याचं मुलाने सांगितलं नाही आणि पलीकडून कुणी विचारलंही नाही.

घरातल्यांचा तर्क समजण्यासारखा होता. इतकं जोरदार औषध शिरेतून चालू असताना नवा संसर्ग होईलच कसा? पण प्रत्येक प्रतिजैविकाचा आवाका ठरलेला असतो. सेफाझोलिन या रुग्णाच्या मणक्यातल्या जिवाणूवर उत्तम चालत होतं, पण कितीतरी जिवाणूंवर त्याचा मुळीच परिणाम होत नाही. शिवाय आधीपासून चालू असलेलं औषध नेमक्या त्या न मरणाऱ्या जिवाणूंना मोकळं रान करून देतं.

पंधराव्या आणि सोळाव्या दिवशी वहीत जे लिहिलं गेलं ते असं: दुपारी तीनचा डोस, पावणेचारला थंडी. रात्री अकराचा डोस, साडेअकराला थंडी, ताप १०१.६. सकाळी सातच्या डोसनंतर काही नाही. दोन्ही दिवस हेच.

ही वही नसती तर ‘अधूनमधून ताप येतो’ एवढंच वर्णन डॉक्टरांपर्यंत पोचलं असतं. वहीमुळे दोन गोष्टी समोर आल्या. थंडी घड्याळाच्या वेळेला नव्हे तर डोसच्या मागोमाग येते, आणि सकाळचा डोस त्याला अपवाद आहे.

सतराव्या दिवशी तो अपवादही राहिला नाही. सिस्टरनी सात वाजता फ्लश केला, डोस दिला, पुन्हा फ्लश केला आणि नोंदी लिहायला बसल्या. वीस मिनिटांत समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस थडथड उडायला लागला. ताप १०२.४, नाडी ११८, रक्तदाब ९८/६०. एरवी त्यांचा वरचा आकडा १३० च्या आसपास असायचा.

कोणते पर्याय होते

सिस्टरनी गटाच्या डॉक्टरांना फोन लावला. पुढच्या दहा मिनिटांत ज्या शक्यता बोलल्या गेल्या त्या सगळ्या इथे लिहिते, कारण अशा वेळी घरोघरी याच पुढे येतात.

औषधाची ॲलर्जी असू शकते का? प्रतिजैविकाने ताप येतो हे खरं. पण महिनाभर निमूट सोसलेलं औषध, अंगावर पुरळ नाही, आणि दोन दिवस सकाळच्या त्याच औषधाने काहीच नाही. औषधच कारण असतं तर तिन्ही डोसांना सारखा त्रास व्हायला हवा होता.

मणक्याचा संसर्ग उलटला असेल का? ही भीती सगळ्यांत मोठी होती आणि ती सहज झटकून टाकता येत नव्हती. मात्र पाठदुखी वाढलेली नव्हती, पायांत बळ होतं, लघवी-शौचावरचा ताबा होता. आणि मणक्यातला जिवाणू नळीत औषध सोडण्याची वाट पाहत थांबत नाही.

तिसरी शक्यता नळीची. फ्लशनंतर तासाभरात थंडी वाजून ताप येणं ही नळीतल्या संसर्गाची ओळखीची खूण आहे. फ्लशच्या जोराने जिवाणू थेट रक्तात ढकलले जातात. दंडावरची जागा स्वच्छ दिसते म्हणून ही शक्यता बाद होत नाही. नळीमुळे झालेल्या बऱ्याच रक्तसंसर्गांत बाहेरून काहीच दिसत नाही, कारण जिवाणू नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेले असतात.

नळीवर संशय गेल्यानंतर काय करायचं, यावर मात्र क्षणभर दुमत झालं. मुलाचं म्हणणं, रुग्णालयात नेलं की पुन्हा आठवडाभर अडकणार. घरीच दुसरं अँटिबायोटिक सुरू करता येणार नाही का? दुसरा विचार होता की नळी घरीच काढून टाकावी, आजाराचं मूळच जाईल. तिसरा, रक्ताचे नमुने घरी घेऊन प्रयोगशाळेत पाठवावेत आणि निकालाची वाट पाहावी.

स्थिर रुग्णात तिसऱ्या पर्यायाचा विचार करता आला असता. इथे घसरलेला रक्तदाब आणि वाढलेली नाडी यांनी प्रश्न सोडवला. ही सेप्सिसची, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतण्याची, सुरुवात असू शकते, आणि ती घरी बसून निभावायची गोष्ट नाही. घरीच औषध बदलण्याचा पर्याय त्याहून घातक होता. कल्चर घेण्याआधी नवं प्रतिजैविक दिलं की जिवाणू सापडण्याची शक्यता कमी होते आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात. नळी घाईने काढली असती तर नळीतून घ्यायचा नमुना कायमचा हातचा गेला असता, शिवाय त्या क्षणी शिरेत जाण्याची ती एकमेव तयार वाट होती.

काय केलं

रुग्णवाहिका बोलावली. नळीला हात लावायचा नाही, त्यातून काहीही सोडायचं नाही, ‘साफ व्हावी’ म्हणून फ्लश तर मुळीच नाही, असं सिस्टरनी बजावलं.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्या वहीचं पान पुन्हा वाचत होत्या. सकाळ आणि बाकीच्या वेळा यांत फरक काय? औषध तेच, नळी तीच, हात धुण्याची रीत तीच. त्यांनी विचारलं, “ताई, दुपारी-रात्री तुम्ही जे जे वापरता ते सगळं इथे टेबलावर आणून ठेवता का?” सूनबाईंनी ट्रे आणला, मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजमधून बाटली आणली. पाणी स्वच्छ, आरपार दिसणारं. बुचात सुई तशीच, आणि तिच्यावर बसवलेला कापूस स्पिरिट उडून गेल्याने नुसता दमट झालेला.

सिस्टर काही बोलल्या नाहीत. आणि हे मला या सगळ्या प्रकरणात फार मोलाचं वाटतं. त्या क्षणी एक शब्द वावगा गेला असता तर बाटली सिंकमध्ये रिकामी झाली असती आणि त्या घरात पुढे कुणी काही उघडपणे सांगितलं नसतं. त्यांनी सुई काढून धारदार वस्तूंच्या डब्यात टाकली, बुचावर चिकटपट्टी लावली, बाटली स्वच्छ पिशवीत बांधून वर तारीख-वेळ लिहिली आणि रुग्णासोबत पाठवून दिली.

रुग्णालयात एकाच वेळी दोन ठिकाणचं रक्त घेतलं, नळीतून आणि दुसऱ्या दंडाच्या शिरेतून, दोन्हीकडे सारख्याच मापाचं. यामागचं तत्त्व सोपं आहे. जिथे जिवाणू जास्त, तिथली बाटली यंत्रात आधी वाढ दाखवते. नळीतला नमुना शिरेतल्या नमुन्यापेक्षा किमान १२० मिनिटं आधी वाढ दाखवत असेल तर संसर्गाचं मूळ नळी आहे असं मानतात. इथे नळीचा नमुना साडेआठ तासांत पॉझिटिव्ह आला, शिरेतला बारा तासांत. नमुने घेतल्याबरोबर नवी शीर धरून व्यापक आवाक्याचं प्रतिजैविक सुरू केलं होतं. त्याच दिवशी नळी काढली. सलाईन आणि औषधांवर रक्तदाब काही तासांत सावरला. अतिदक्षता विभागात न्यावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिवाणूचं नाव कळलं: सेराशिया मार्सेसेन्स. ओल्या जागी आढळणारा हा जिवाणू आहे. न्हाणीघरात किंवा बेसिनच्या कडेला कधीकधी गुलाबी थर धरतो, त्यात हा बऱ्याचदा असतो. सेफाझोलिनला तो जात्याच दाद देत नाही. फ्रिजमधल्या बाटलीतही तोच वाढला, आणि कोणत्या औषधांना दबतो नि कोणत्यांना नाही याची यादीही जुळली.

बाटलीत तो कसा आला

सलाईनमध्ये जिवाणूंची वाढ रोखणारं कोणतंही परिरक्षक नसतं. सीलबंद असेपर्यंत ते निर्जंतुक असतं. एकदा उघडलं की वापरायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं, अशीच त्याची रचना आहे. बाटलीतून दहा मिलिलिटर ओढले की तितकी जागा भरायला बाहेरची हवा आत जाते. टोचून ठेवलेली सुई म्हणजे ती हवा आणि ओल यांना दिवसरात्र उघडी असलेली वाट. सिंकच्या शेजारी भरलेली सिरिंज, बोटाला राहिलेला पाण्याचा एक थेंब, दमट कापूस, यातलं काहीही एकदा पुरतं.

सेराशियासारखे जिवाणू साध्या मिठाच्या पाण्यातही तग धरतात आणि वाढतात. फ्रिजच्या थंडीने त्यांचा वेग मंदावतो, ते मरत नाहीत. आणि डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या घरात जिवाणू असले तरी पाणी नितळ दिसू शकतं. त्या घरात बाटली उजेडात धरून पाहिली जात असे, गढूळ नाही ना म्हणून. ती तपासणी प्रामाणिक होती, पण तिने काही कळण्यासारखं नव्हतं.

हा प्रकार फक्त घरातच होतो असंही नाही. २००७-०८ मध्ये अमेरिकेत आधीच भरून विकल्या जाणाऱ्या फ्लशच्या सिरिंजांतून याच जिवाणूचे रक्तसंसर्ग पसरले होते. रुग्णालयांतही एका मोठ्या बाटलीतून अनेकांचे फ्लश भरण्याची सवय साथींना कारण झाली आहे, म्हणून ती पद्धत आता निषिद्ध मानतात.

वहीतलं कोडंही आता उलगडलं. सुरुवातीला दुपारी आणि रात्री बाटलीतले जिवाणू थेट रक्तात जात होते, म्हणून तेव्हाच थंडी वाजायची. सकाळी सिस्टरच्या सीलबंद ॲम्प्युल असायच्या, म्हणून सकाळ शांत. दोन-तीन दिवसांत जिवाणूंनी नळीच्या आत थर धरला. मग निर्जंतुक फ्लशही त्यांना पुढे ढकलायला पुरेसा झाला.

निष्पत्ती

नळी काढल्यानंतर दोन दिवसांनी घेतलेलं रक्त जिवाणूमुक्त निघालं. नव्या संसर्गासाठी चौदा दिवसांचे उपचार ठरले, पहिले काही दिवस हाताच्या शिरेत लावलेल्या साध्या सुईतून. मणक्याचा एमआरआय पुन्हा केला, त्यात नवं काही नव्हतं. उरलेल्या काळासाठी दुसरी पिक लाईन घालायची का, यावर डॉक्टरांची चर्चा झाली आणि उत्तर ‘नाही’ असं आलं. दोन तोंडी प्रतिजैविकांच्या जोडीवर त्यांना घरी सोडलं, दर आठवड्याला रक्ततपासणी ठेवली, आणि मणक्याचे उपचार खबरदारी म्हणून एकूण आठ आठवड्यांपर्यंत नेले. ते बरे झाले. चालणं पूर्ववत व्हायला मात्र ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

सूनबाई कित्येक दिवस सासऱ्यांच्या खोलीत औषध द्यायला जायला तयार नव्हत्या. “माझ्या हातून झालं,” एवढंच म्हणायच्या. आम्ही त्यांच्यासमोर सगळा घटनाक्रम कागदावर मांडला: ४२ ॲम्प्युल, ८४ ची गरज, अकरावा दिवस, ‘मोठी बाटली न्या’ हा सल्ला. त्यांच्या हातांचं काम या साखळीत एकमेव निर्दोष होतं, असं सिस्टरनी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. ज्या बाईला कुणी शिकवलं नाही, जिच्या हाती पुरेसं सामान दिलं नाही, तिने मिळेल त्यात काम निभावलं. दोष द्यायचाच तर या अर्धवट आखणीला द्यावा लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधीचा निर्णय: नळीची गरज किती दिवस होती? ब्रिटनमधल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओव्हिव्हा या चाचणीत हाडा-सांध्यांच्या संसर्गाचे १,०५४ रुग्ण होते. निम्म्यांना पहिले सहा आठवडे प्रतिजैविक शिरेतून दिलं, निम्म्यांना मुख्यतः तोंडावाटे. वर्षभरानंतर दोन्ही गटांत उपचार फसण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. आमच्या रुग्णाला सुरुवातीला उलट्या होत होत्या, पोटात काही ठरत नव्हतं, रक्तात जिवाणू होते. तेव्हा शिरेतून औषध देणंच बरोबर होतं. पण घरी जाताना ते नीट जेवत होते. त्या दिवशी ‘आता गोळ्यांवर येता येईल का’ हा प्रश्न कुणी मांडला असता तर उत्तर कदाचित ‘हो’ आलं असतं, आणि मग ना नळी, ना फ्लश, ना बाटली. तो प्रश्न मांडण्याची जबाबदारी कुणा एकाची नव्हती. आता आमच्या गटात नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या साप्ताहिक पत्रकावर पहिली ओळ तीच आहे, आणि डॉक्टरांनी उत्तर लिहिल्याशिवाय पत्रक पुढे जात नाही.

प्रशिक्षण एका माणसाला दिलं आणि काम दुसऱ्या माणसाने केलं. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. आजारपण लांबलं की कामं हातोहात फिरतात. म्हणून ‘कोणाला शिकवलं’ यापेक्षा ‘या आठवड्यात नळीला कोणाकोणाचे हात लागले’ हे दर आठवड्याला विचारायला हवं, आणि त्यातल्या प्रत्येकाने सिस्टरसमोर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवायला हवं. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. करून दाखवताना बाटली दिसली असती.

सिस्टर रोज त्या घरी जात होत्या, तरी सहा दिवस बाटली त्यांच्या नजरेला पडली नाही, कारण त्या स्वतःचं सामान घेऊन जायच्या. यात त्यांची सोय होती आणि कुटुंबावर मेहेरबानीही होती. पण त्यामुळे घरचा तुटवडा झाकला गेला. सकाळचा डोस घरच्याच साठ्यातून देण्याची रीत असती तर अकराव्या दिवसाच्या कितीतरी आधी साठा अपुरा असल्याचं लक्षात आलं असतं.

फोनवरचा सल्ला हा सर्वांत महाग पडलेला टप्पा. ताप आलेला माणूस आणि ताप आलेला, शरीरात नळी असलेला माणूस, या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. पिक लाईन असलेल्याला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी तपासणी आणि ब्लड कल्चर, आणि तोवर पॅरासिटामॉलखेरीज नवं औषध नाही. हे फोन घेणाऱ्याला माहीत असेलही, पण विचारायचं कुणी? कुटुंबाला कुठली माहिती महत्त्वाची हे ठाऊक नसतं. फोन घेणाऱ्याने पहिल्याच वाक्यात ‘शरीरात कुठली नळी आहे का: शिरेत, लघवीची, नाकातून, पोटातून?’ असं विचारलं असतं तर दोन दिवस वाचले असते. सिस्टरनीही पंधराव्या दिवशी वही सुरू करण्यासोबतच डॉक्टरांना कळवायला हवं होतं, असं आढाव्यात ठरलं. त्यांनी ते मान्य केलं. दंडाची जागा स्वच्छ दिसली म्हणून त्यांना धीर आला होता.

घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर कृती होत्या, आकडे नव्हते. आता त्यावर सामानाचा हिशेब असतो: दिवसाला किती डोस, डोसला किती फ्लश, किती ॲम्प्युल, आणि साठा कितीवर आला की फोन करायचा. खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ आहे: ‘ॲम्प्युल संपल्या तर पर्याय शोधू नका, आम्हाला फोन करा, फ्लशसाठी मोठी बाटली कधीही वापरू नका.’

एका मुद्द्यावर गटात अजून एकमत नाही. कुटुंबाकडे एक आठवड्याचा जास्तीचा साठा देऊन ठेवावा असं माझं मत आहे, कारण तुटवडा कधी रविवारी होईल, कधी रात्री अकराला, सांगता येत नाही. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, घरात पडून राहिलेल्या ॲम्प्युल मुदत संपल्यावरही वापरल्या जातील किंवा दुसऱ्या कुणासाठी काढल्या जातील. तूर्त तीन दिवसांचा जास्तीचा साठा देतो, आणि तो शिल्लक आहे की वापरला गेला हे सिस्टर दर सोमवारी मोजून लिहितात.